विसाव्याच्या तीन चाली

१४ जुलै

वन्सं,

तुझं पत्र पोचलं. ‘दादा कसा आहे’ एवढं एका ओळीत विचारून तू पुढची तीन पानं वाऱ्याबद्दल लिहिली आहेस. वेधशाळेत बसून वारा मोजणारी बाई दुसरं काय लिहिणार म्हणा. पण तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर मला तीन पानांत मावेना.

तुझा दादा बरा नाही. ताप नाही, खोकला नाही, दुखत-खुपत काही नाही. वजनकाट्यांच्या कारखान्यातलं त्याचं तपासणीचं काम बंद झालं, त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडून बसतो. पांढऱ्याची एक चाल, मग पट फिरवायचा, काळ्याची एक चाल. शेजारी ती जाडजूड पुस्तकं. मी पहाटे साडेचारला बेकरीत जाते आणि दुपारी एकला परत येते, तर हा जिथे होता तिथेच. जेवायला वाढलं की पट चार बोटं सरकवतो. दिवसाकाठी तीन वाक्यं बोलतो, त्यातलं एक ‘मीठ दे’. उरलेला वेळ त्याच मिठाची गुळणी धरून बसतो.

म्हटलं, चल, मी खेळते तुझ्याशी. चार वेळा बसले. चारही वेळा नवव्या-दहाव्या चालीला मात. ‘हे पुस्तकात आहे,’ असं म्हणतो आणि पट स्वतःकडे ओढून घेतो. पुस्तकात आहे तर पुस्तकालाच मात दे, मला कशाला बसवतोस?

आता मुद्द्याचं. आमच्या मालकीणबाई नवी शाखा काढतायत, बसने पाच तासांवर. तिथली भट्टी मी सांभाळावी असं त्यांचं म्हणणं आहे. राहायला वरच्या दोन खोल्या. तसं रीतसर पत्र दिलंय, आणि हो की नाही ते तीस सप्टेंबरपर्यंत कळवायचंय. बावीस वर्षं कणीक मळतेय मी, पहिल्यांदा कुणी ‘तू सांभाळ’ म्हणालं. मला जायचंय गं. दोघांनी जावं असं फार वाटतं. पण ते विचारायला समोर कुणी असायला हवं ना. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. तीस तारखेपर्यंत तो माझ्याशी माणसासारखा बोलला नाही, तर मी एकटी जाणार. आणि गेले की सुट्टीसुट्टीला येऊन त्याची पाठ बघायला मी काही परत यायची नाही.

तू त्याची बहीण. रागावशील. पण तुझ्यापासून लपवलं तर सांगायचं तरी कुणाला? तुझ्या बेटावर फोन लागत नाही, तेही एका अर्थी बरंच आहे. आमच्या घरात बोलायची सोय नाही, टेबल ऐकतं.

तुझी वहिनी


२२ जुलै

वहिनी,

लाँच आली, पत्र आलं, आणि माझा घास तोंडातल्या तोंडात राहिला. एकटी जाणार म्हणतेस त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. लिहिलं तर भलतंच लिहीन.

दुसरंच सांगते. लहानपणी मी दादाशी खेळायचं सोडलं ते असंच हरून हरून. बारा वर्षांची होते तेव्हा एका उन्हाळ्यात सलग साठ डाव हरले. एकसष्टाव्या डावाला मी वैतागून घोडा सरळ चालवला, चार घरं, हत्तीसारखा. मला वाटलं आता चापट बसणार. तो पटावर वाकला आणि म्हणाला, ‘असा चालत असेल तर मग मी याला अडवायचा कसा?’ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही वाकडे-तिकडे नियम करून खेळत होतो, आणि मी तीन डाव जिंकले. तो इतका हसलेला मी नंतर कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला पुस्तक आणून दिलं आणि आमचं हसणं तिथेच संपलं.

वहिनी, दादाला पुस्तकाच्या बाहेर काढायला हवा. पुस्तकात नाही असा खेळ त्याच्यापुढे ठेवायचा. तिथे तो आणि तू एकाच पायरीवर. माझा विचार असा, की दोन्ही बाजूंचे उंट काढून टाकायचे, कारण त्याची निम्मी पाठांतरं उंटांवर चालतात. त्यांच्या जागी नवीन सोंगटी. ती कशी चालायची? मी एक सुचवते. त्या दिवशी वारा ज्या दिशेचा, त्या दिशेला ती कितीही घरं जाईल. काल आमच्या वायरलेसवाल्याशी तशी खेळून पाहिली. बेटावर आम्ही दोघंच, त्यामुळे तो नाही म्हणू शकत नाही.

तुझी नणंद


३१ जुलै

वन्सं,

तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. आमच्या स्वयंपाकघरात वारा कुठून मोजू, पंख्याचा? तुझी सोंगटी मी बाद केली.

पण उंट काढायचं मनात बसलं. आठ दिवस भट्टीसमोर उभी राहून तेच डोक्यात. शेजारची बाई म्हणाली, तुझं लक्ष कुठेय, मीठ दोनदा टाकलंस. तो सगळा घाणा फुकट गेला. मालकीणबाई नुसत्या बघत राहिल्या, ते बोलण्याहून वाईट.

त्या खारट घाण्याकडे बघतानाच सुचलं. तुला माहीत नसेल, पावाच्या गोळ्याचं सगळं काम तो नुसता पडून असताना होतं. मळून ठेवला, वर ओलं फडकं टाकलं की आपण हात लावायचा नाही. आपल्याला वाटतं काही होत नाहीये. थोड्या वेळाने बघावं तर दुप्पट. मात्र फुगला की लगेच भट्टीत गेला पाहिजे. वाट बघत बसलात तर तो बसतो, आणि बसलेला गोळा परत उठत नाही.

तर आपली सोंगटी गोळा. एरवी ती राजासारखी, कुठल्याही बाजूला एकच घर. पण हलवून ठेवली आणि काही चाली तिला कुणी हात लावला नाही, की ती फुगते. मग एकदाच वजिरासारखी धावते. आणि फुगल्यावर लगेच धावली नाही तर बसली, पटावरून उचलायची. किती चाली विसावा द्यायचा ते तू ठरव, आकडेमोड तुमच्या घराण्यातली.

त्या खारट कणकेचे चार गोळे करून मी भट्टीच्या कडेला खडखडीत वाळवलेत. दोन पांढरे, दोन जरा जास्त भाजून काळपट.

तुझी वहिनी


९ ऑगस्ट

वहिनी,

तू हे एकटीने काढलंस? मी पत्र तीनदा वाचलं. वायरलेसवाल्याला दाखवलं तर तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. तो विचारात पडला की असंच करतो.

आम्ही चौदा डाव खेळलो. गोळ्याऐवजी बटणं. दोन चालींचा विसावा फार थोडा, सगळे गोळे पळत सुटतात. चार चालींचा फार लांब, तोवर कुणीतरी मारतंच. तीन बरोबर. सोबत नियमांचा कागद स्वच्छ अक्षरात लिहून पाठवते. मुख्य वाक्य असं: ‘गोळा हलवून ठेवल्यावर तीन चाली विसावला की फुगतो, पुढच्या चालीला तो वजिरासारखा धावू शकतो, न धावल्यास बाद.’ सुरुवातीच्या घरात असेपर्यंत तो नुसतं पीठ, काही मोजायचं नाही. आता गंमत बघ, समोरच्याचा गोळा फुगतोय हे दिसत असतं आणि आपल्याला घाई होते. वायरलेसवाला चौदापैकी नऊ जिंकला. तो मोजताना लबाडी करतो असा मला दाट संशय आहे.

आता दादासाठी एक युक्ती. त्याला ‘ये, खेळू’ म्हणू नकोस. मांडून ठेव, कागद खाली दडपून ठेव आणि निघून जा. त्याला न सुटलेली गोष्ट समोर दिसली की तो स्वस्थ बसत नाही.

आणि एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याला असं टाकून जाशील? काम गेलेला माणूस आहे तो. तुझ्या शाखेला दुसरी बाई मिळेल.

तुझी नणंद


२० ऑगस्ट

वन्सं,

‘टाकून’ हा शब्द मी चार दिवस चघळला. मग तुला लिहायला बसले.

त्याचं काम गेलं त्या दिवशी मी बेकरीतून लवकर निघून आले आणि त्याच्याशेजारी बसले. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. त्यानंतर नऊ महिने मीच बसत्येय आणि तोच उठून जातोय. यात कोण कुणाला टाकतंय ते तुझ्या यंत्रांवर मोजून बघ. दुसरी बाई मिळेल म्हणतेस. मिळेल की. मलाही दुसरं आयुष्य मिळत असतं तर मी हे घालवलं असतं बसून. तू माझी मैत्रीण आधी आणि नणंद नंतर असं मी समजून होते. तेवढं खरं आहे ना, एवढंच कळव.

हं. आता खेळाचं. राग आहे, पण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पट मांडून ठेवला. पहिल्या दिवशी त्याने तो तसाच्या तसा उचलून फळीवर ठेवला आणि स्वतःचा काढला. मी दुसऱ्या दिवशी परत मांडला. पुन्हा फळीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर पट जागच्या जागी, आणि काळ्या गोळ्याला दाताची खूण. तुझ्या दादाने तो खाऊन बघितला होता. मी हात धुतले. ताट वाढलं. तो म्हणाला, ‘ते बिस्किट फार खारट झालंय. कशाचं आहे?’

वन्सं, नऊ महिन्यांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तोंड फिरवून हसले आणि मग हसता हसता रडायलाच आलं, म्हणून नळ सोडला. म्हटलं, ती सोंगटी आहे, खाली कागद आहे तो वाच. त्याने चष्मा लावला, कागद वाचला, परत वाचला, आणि जेवण तसंच ठेवून गोळा एक घर पुढे सरकवला.

तुझी वहिनी


६ सप्टेंबर

वहिनी,

तू माझी मैत्रीण आधी. मी चुकले. तेच पहिल्या लाँचने कळवलं होतं, पण तुझं उत्तर नाही. त्यानंतर चार वेळा लाँच आली, चारही वेळा मी धक्क्यावर उभी होते. वायरलेसवाला म्हणतो, ‘बाई, वाऱ्याची नोंद उशिरा झाली.’ आजवर माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

खेळताय का दोघं? का रागावलीस? पत्रात शिव्या लिहिल्यास तरी चालतील. तीस तारीख जवळ येतेय.

तुझी नणंद


११ सप्टेंबर

चिमे,

अक्षर तुझं आहे हे कागद बघताच ओळखलं. तुझा ‘ळ’ अजून तसाच.

तुमचा खेळ मोडका आहे. पांढऱ्याला अकराव्या चालीला मात देता येते आणि काळा काहीही करू शकत नाही. मी एकोणीस दिवस दोन्ही बाजूंनी खेळून पाहिलं. पाचव्या चालीला गोळा राजासमोर ठेवायचा. सहावी आणि सातवी दुसरीकडे, त्यात वजीर पुढे काढायचा. आठव्या चालीला गोळा फुगलेला असतो, तो धावतो आणि शह देतो. पुढच्या तीन चाली सक्तीच्या. सोबत सगळं मांडून पाठवतो. तपासून बघ.

कल्पना मात्र चांगली होती. एवढ्या दिवसांत मी दुसरं काही उघडलं नाही.

तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ती गोळे करून आणते, वाळवते. तिने नवे केलेत, आधीचे झिजले. मोडका आहे असं कसं सांगायचं.

दादा


१५ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा तारीख बघितली. अकरा वर्षांनी लिहिलंस. ते मी जपून ठेवणार आहे, मजकूर मात्र मला पटला नाही.

एकोणीस दिवस दोन्ही बाजूंनी खेळलास म्हणतोस. म्हणजे नवा खेळही तू स्वतःशीच खेळलास. तो दोघांसाठी केला होता रे. आता कळलं वहिनीचं पत्र का येत नव्हतं. तिने नव्या सोंगट्या करून दिल्या आणि परत तुझ्या पाठीकडे बघत बसली.

तू म्हणतोस काळा काहीही करू शकत नाही. काळ्याच्या जागी कोण होतं? तूच. ते मी धरत नाही. वहिनीला समोर बसव. तिच्यावर अकराव्या चालीला मात करून दाखव. केलीस तर खेळ मोडका हे मी मान्य करीन आणि कागद फाडून समुद्रात टाकीन. हिंमत नसेल तर तसं कळव.

चिमी


२१ सप्टेंबर

चिमे,

निवाडा हवा आहे. तू कागद लिहिलास तेव्हा तूच द्यायचा.

तुझ्या सांगण्यावरून शनिवारी जेवणानंतर तुझ्या वहिनीला बसवलं. मी पांढरा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आठव्या चालीला मी गोळा धाववला. तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘अजून फुगलेला नाही.’

मी म्हटलं, पाचवी, सहावी, सातवी, तीन चाली झाल्या. ती म्हणते, पाचवी धरायची नाही, तेव्हा हात गोळ्यावर होता. आमच्या कामात पारड्यात वजन टेकलं की घड्याळ सुरू होतं, त्याच क्षणी. वीस वर्षं मी असंच मोजत आलो. तिला ते पटेना. मला गोळा मागे घ्यावा लागला आणि वजीर उघडा पडला. पुढे वजीर वाचवावा तर फुगलेला गोळा बसतो, गोळा धाववावा तर वजीर जातो. सव्विसाव्या चालीला मला मात झाली. हरल्याची तक्रार नाही. मोजायचं कसं, एवढं सांग.

आणखी एक. हे तुलाच लिहितो. तिला शाखेचं पत्र आलंय. ते मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाहिलं, एप्रन धुवायला टाकताना खिशात होतं. वाचून परत ठेवलं. ती जायला हवी. बावीस वर्षांनी तिला कुणीतरी ओळखलं. माझ्यापायी तिने ते सोडू नये. बोललो असतो तर ‘जाऊ नको’ हेच तोंडातून निघालं असतं, म्हणून तोंड उघडलं नाही. आधी बोलवत नव्हतं म्हणून बोललो नाही, जुलैपासून ठरवून बोललो नाही. नकोसा झालो तर तिला जाणं हलकं जाईल असा हिशेब होता. शनिवारी तो चुकला. दोनपासून सहापर्यंत आम्ही भांडत होतो आणि मला उठावंसं वाटेना.

दादा


२१ सप्टेंबर

वन्सं,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुझ्या दादाने तो खेळही गिळला आणि परत एकटा बसला. मी म्हटलं, आपलं हे पालथ्या घड्यावर पाणी. बॅग काढून पुसून ठेवली.

आणि शनिवारी तो म्हणाला, ‘बस.’ मी पदार्थ चाखायला बोलावल्यासारखी बसले. आठव्या चालीला हा माणूस गोळा धाववायला निघाला. कच्चा गोळा. असा भट्टीत घातला तर आत चिकट राहतो, गिऱ्हाईक तोंडावर फेकतं. मळणाऱ्या हाताचा वेळ कधी धरतात का? हात काढला, फडकं टाकलं, तिथून मोजायचं. हे मी त्याला बारा वेळा समजावलं. तो म्हणे वजन टेकलं की घड्याळ सुरू. मी म्हटलं, हे वजन नाही, हे वाढतं. तो उठला, मला वाटलं गेला. गेला तो कपाटातून जुना काटा घेऊन आला, मला करून दाखवायला. मी पीठ काढलं, त्याला करून दाखवायला. साडेपाच वाजता स्वयंपाकघरभर पीठ आणि दोघांचे आवाज चढलेले. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक ना? म्हटलं, फारच ठीक.

मी जिंकले. पण तो नियमावर अडून बसलाय, तुला विचारणार म्हणतो. तू आता न्याय दे, आणि बहीण म्हणून देऊ नकोस.

तीस तारखेचं अजून सांगितलेलं नाही. इतक्या दिवसांनी घरात आवाज झाला, त्यात हे कसं सांगू? आणि न सांगून तरी कसं चालेल? मी मनातून हो म्हटलेलं आहे, वन्सं. आता मला जायची भीती वाटत नाही, त्याच्याशिवाय जायची वाटते.

तुझी वहिनी


२५ सप्टेंबर

दादा आणि वहिनी,

एकाच लाँचने तुमची दोन पाकिटं आली. एकाच घरातून, एकाच दिवशी, वेगवेगळी तिकिटं लावून. म्हणून हे उत्तर दोघांना मिळून. टेबलावर ठेवून वाचा.

निवाडा. आमच्या चौदा डावांचे कागद मी काढून बघितले. त्यात मी हात काढल्यापासून मोजलं होतं आणि वायरलेसवाल्याने टेकल्यापासून. म्हणून तो नऊ जिंकला. तो लबाड नव्हता, आम्ही दोघं दोन खेळ खेळत होतो. मी त्याची माफी मागितली, तो म्हणाला, ‘नऊ डाव मात्र माझेच.’ कागदावर ‘तीन चाली विसावला’ असं मी लिहिलं, आणि कुठून मोजायचं ते लिहिलंच नाही. चूक माझी. गोळा वहिनीचा, म्हणून मोजणी वहिनीची. हात लावलेली चाल धरायची नाही. दादा, तुझी अकराव्या चालीची मात रद्द. खेळ मोडका नाही. मी पुन्हा तपासलं, आता तो कुणालाच सुटलेला नाही.

दुसरं. तुम्ही दोघांनी मला जे लिहिलंत, ते एकमेकांना सांगायचं आहे. मी तुमची पत्रं अदलाबदल करून पाठवणार होते, पाकिटं चिकटवलीसुद्धा होती. वायरलेसवाला म्हणाला, ‘बाई, दुसऱ्यांच्या चाली आपण खेळू नयेत.’ म्हणून फाडून टाकली. पण मला फार लांबून बघवत नाहीये. पटावर बसल्या बसल्या बोला. तीस तारखेच्या आत.

तुमची दोघांची


१ ऑक्टोबर

वन्सं,

तुझं पत्र आम्ही तीस तारखेला दुपारी वाचलं. त्याने मोठ्याने वाचलं, मी ऐकलं. निवाडा ऐकून तो म्हणाला, ‘मान्य.’ मग ‘जे लिहिलंत’ इथे पोचल्यावर आवाज खाली आला. म्हणून आपलं पट मांडला.

चौदाव्या चालीला मी सांगितलं. डाव माझ्या बाजूने होता, म्हणून धीर आला असेल. म्हटलं, नव्या शाखेची भट्टी मला देतायत, आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय, मी हो म्हणणार आहे. तो पटावरून मान वर न करता म्हणाला, ‘माहीत आहे.’

‘माहीत आहे म्हणजे?’

मग त्याने सगळं सांगितलं. एप्रन, खिसा, जुलै. मला जाणं सोपं व्हावं म्हणून गप्प बसला होता म्हणे. वन्सं, मी आयुष्यात इतकी संतापले नव्हते. म्हटलं, तीन महिने मी कोरड्या भिंतीसमोर ताटं वाढली ती तुझ्या उपकारापोटी? मला काय हवंय ते मला एकदा तरी विचारायचंस. तो म्हणाला, ‘काय हवंय?’ मी म्हटलं, तू. बोलता.

तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, संपलं. हा माणूस उठूनच जाणार, त्याला दुसरं येत नाही. मी चेहरा धुतला, मालकीणबाईंकडे जायला चपला घातल्या.

तो आला तो हातात पाना घेऊन. पट दोन्ही हातांनी उचलला, एकही सोंगटी न हलवता, आणि जमिनीवर ठेवला. मग टेबल उलटं केलं आणि त्याचे पाय सोडवायला लागला. मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, ‘हे असं उभं दारातून जात नाही. पाय काढले तर जातं. जुलैतच मोजलंय मी.’

जुलैत. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. तिथे जाऊन तू काय करशील, एवढं विचारलं. तो म्हणाला, ‘बाजार असेल ना तिथे? लोक वजन करूनच घेत असतील.’ आणि दुसऱ्या पायाकडे वळला.

मी मालकीणबाईंना हो सांगून आले. घरी परत येते तर चारही पाय दोरीने बांधून कोपऱ्यात उभे, वर चिठ्ठी चिकटवलेली, ‘स्वयंपाकघर’. म्हटलं, अरे, निघायला अजून सोळा दिवस आहेत, तोवर जेवायचं कुठे?

तो पटासमोर मांडी घालून बसला होता. म्हणाला, ‘खाली. ये, तुझी चाल राहिलीय.’

तुझी वहिनी